एसी लावला तरी गाडी तापतेच : खान्देशी उन्हाळ्यात कॅरव्हॅन गार ठेवताना

एप्रिल लागला की माझ्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात दोन तऱ्हेची माणसं येतात. काही जण कूलरची जळालेली मोटार पिशवीत घालून आणतात. बाकीचे, आणि हे अलीकडे वाढलेत, हात हलवत येतात. "भो, गाडीत बेड केला, पंखा केला, एसी बी टाकला, तरी रातले झोप लागत नाही. काय करू?"

हा प्रश्न मलाही पडून गेलाय. शाळेची जुनी १३ आसनी गाडी घेऊन तिच्यात झोपायची-रांधायची सोय केली, त्याला आता पाच उन्हाळे झाले. पहिल्या मे महिन्यात हतनूर धरणाच्या अलीकडे एका शेताच्या बांधावर मुक्काम टाकला आणि रात्री अडीचला सगळं बिऱ्हाड सतरंजी घेऊन बाहेर आलं. एसी होता. चालूही होता, एक वाजेपर्यंत. बायकोनं तेव्हा जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही, पण "यापेक्षा आपलं धाब्याचं घर बरं होतं" हे तिचं वाक्य पुढे फार कामाला आलं.

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, हे आपल्याला नवं नाही. पण गाड्या तयार करणारे बहुतेक जण उपाय शोधतात परदेशी व्हिडिओंत, आणि तिथे ३२ अंशांना माणसं हाय-हाय करत असतात. तिकडचा उपाय इकडे आणला की तो दुपारी बारापर्यंतच टिकतो.

आधी घड्याळ बघा

"गाडी तापते" ही तक्रार म्हणजे "पोट दुखतं" म्हणण्यासारखं आहे. कधी दुखतं ते सांगितल्याशिवाय औषध देता येत नाही. म्हणून पहिलं काम खर्चाचं नाही. नेम धरून तापमान सांगणारी लेझरची बंदूक मिळते, ती कुणाकडून तरी मागून आणा. दुपारी एक, संध्याकाळी पाच, रात्री नऊ आणि पहाटे चार या चार वेळांना आतून छत, पश्चिमेकडची भिंत, पुढची काच, इंजिनाचं झाकण आणि गादीखालची फळी एवढ्या जागा मोजा. चकचकीत पत्रा किंवा फॉइल असेल तर त्यावर आधी साधी कागदी चिकटपट्टी लावा आणि पट्टीवर नेम धरा. नुसत्या चकचकीत पृष्ठभागावर ही बंदूक खोटं बोलते, खूप कमी आकडा दाखवते. मी स्वतः त्यावर फसून "फॉइल मस्त काम करतंय" असं दोन महिने सांगत फिरलो होतो.

दुपारी छत भाजत असेल तर दोष उन्हाचा आहे. रात्री नऊला बाहेर गार झालं तरी आत तसंच असेल तर दोष साठलेल्या उष्णतेचा. छत बरं, भिंती बऱ्या, तरी घाम वाळत नाही, तर दोष दमटपणाचा. हे तीन आजार वेगळे आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही, उलट कधी कधी वाढवतं.

दुपार : सगळं भांडण छताशी आहे

मे महिन्यात भर दुपारी सपाट छतावर दर चौरस मीटरला हजार वॅटच्या आसपास ऊन पडतं. माझं छत ९ चौरस मीटर. म्हणजे डोक्यावर एक-एक किलोवॅटच्या आठ-नऊ शेगड्या पेटवून ठेवल्यासारखं. खाली मी लावलेला पाऊण टनाचा एसी ताशी फार तर अडीच युनिट उष्णता बाहेर फेकणार. त्यातही एसीचं टनेज बाहेर ३५ अंश धरून मोजलेलं असतं. एसीचा बाहेरचा भाग छतावर असेल तर त्याला पत्र्यालगतची हवा मिळते, ती गावाच्या तापमानापेक्षाही गरम. तिथे अडीचचे दोनही होत नाहीत. हे गणित मी गाडी बांधल्यानंतर मांडलं, आधी मांडायला हवं होतं.

माझी गाडी गडद निळी होती. छताचा पत्रा सत्तरच्या घरात जायचा. पांढरा रंग दिल्यावर तोच पत्रा हात ठेवण्याजोगा झाला. एवढा फरक दुसऱ्या कुठल्याही एका खर्चानं पडला नाही. गाडीचा रंग आरसी बुकात लिहिलेला असतो, तेव्हा पूर्ण गाडीचा रंग बदलायचा असेल तर आधी आरटीओत विचारून घ्या. आणि पांढरं छत पांढरंच ठेवा. धुळे ते भुसावळ एक फेरी झाली की त्यावर मातीचा थर बसतो आणि अर्धा फायदा त्या थराखाली जातो. दर मुक्कामाला ओलं फडकं फिरवायचं.

आता फॉइलबद्दल. ज्या कारागिराकडे मी आतलं काम करून घेतलं, त्यानं चंदेरी बबल शीट थेट पत्र्याला चिकटवली आणि वर प्लाय ठोकून टाकला. दिसायला झकास. पण फॉइल किरणांची उष्णता अडवते ती तिच्यासमोर मोकळी हवा असेल तरच. दोन्हीकडून दाबून बसवली की ती धातूच आहे, उष्णता सरळ पुढे ढकलते. मला सगळा प्लाय उतरवावा लागला. मग पत्र्याला चिकटून एक इंच नायट्राईल रबर (उष्णता अडवणारा काळा फोम), त्याखाली इंचभर पोकळी, आणि फॉइलचं तोंड त्या पोकळीकडे. छताच्या आडव्या पट्ट्याही सोडू नका. कारागीर मधल्या खोबणीत भरपूर माल भरतात आणि पट्ट्या उघड्या ठेवतात. त्या पट्ट्यांतून उष्णता थेट प्लायपर्यंत उतरते. बंदुकीनं बघितलं तर छतावर दर दीड फुटाला एक गरम रेघ दिसते.

आणि मग बायकोचं वाक्य. धाब्याचं घर गार का राहतं? माळवदावर हात-हात मातीचा थर असतो, ऊन आत यायला संध्याकाळ उजाडते. गाडीवर माती टाकता येत नाही, पण छतावर दुसरं छत टाकता येतं. आपल्याकडे रोपवाटिकेला लागणारं शेडनेट कुठल्याही कृषी केंद्रात मिळतं. ७५ टक्के ऊन अडवणारं, हिरवं किंवा पांढरं घ्या. चार कोपऱ्यांना चार बांबू उभे करून नेट छताच्या वर हात-दीड हात ताणा. पश्चिमेच्या बाजूला ते तिरपं जमिनीपर्यंत आणा. पत्र्याला टेकू देऊ नका, मधून वारा वाहिला पाहिजे. जाळी तापते, वारा तिची उष्णता घेऊन जातो, पत्र्याला सावली मिळते. निघताना मात्र सोडायचं विसरू नका. एकानं एरंडोलपर्यंत तसंच आणलं होतं, नेट नाही, फक्त दोऱ्या उरल्या होत्या.

सोलर पॅनेलही सावलीच देतात, पण खाली दोन-तीन इंच मोकळे असतील तर. पत्र्याला चिकटवायचे लवचिक पॅनेल येतात ते आपल्या ऊन्हात दुहेरी नुकसान करतात : पॅनेल तापून वीज कमी देतं आणि त्याची काळी पाठ छताला भाजते.

काचांचं थोडक्यात. पडदा काचेच्या बाहेरून हवा. आतून लावलेला पडदा ऊन आत आल्यावर अडवतो, तोवर उष्णता तुमच्या घरात आलेली असते. पुढच्या मोठ्या काचेवर जुनी पांढरी चादर वायपरखाली दाबून टाकली तरी महागड्या आतल्या पडद्यापेक्षा बरी.

"ऊन उतरलं तरी गाडी उतरत नाही"

सर्वात जास्त तक्रारी याच येतात, आणि यात एसीवाले सगळ्यात जास्त फसतात.

दिवसभर प्लाय, गादी, डबे, भांडी, सगळं तापत राहतं. रात्री एसी हवा गार करतो, पण पाच मिनिटांत सामान ती पुन्हा गरम करतं. माझ्या गाडीत सगळ्यात मोठा चोर सापडला बेडखाली : १०० लिटरची पाण्याची टाकी. ते पाणी ४५ अंशांवरून ३० वर यायला जवळजवळ पावणेदोन युनिट उष्णता सोडतं. म्हणजे हजार वॅटचा हीटर गादीखाली पावणेदोन तास लावून आम्ही वरून एसी मारत होतो. आता मी संध्याकाळी पाचला ते पाणी अंघोळीला, भांड्यांना वापरून संपवतो आणि टाकी कुणाच्या तरी बोअरच्या पाण्यानं भरतो. नळीतलं पहिलं तापलेलं पाणी जाऊ दिलं की भर मे महिन्यात बोअरचं पाणी गार येतं. तीच टाकी मग रात्री गादीखालचा माठ होते. टँकरच्या गावात मात्र पाणी मागू नका, लोक नाही म्हणत नाहीत आणि आपल्यालाच लाज वाटते.

दुसरा चोर इंजिन. अशा बऱ्याच गाड्यांत इंजिन पुढच्या दोन सीटांच्या मधे, आतच असतं. गाडी बंद केल्यावरही ते झाकण तास-दीड तास तापलेलं राहतं. त्यावर गोधडी टाकून काही होत नाही, तापलेल्या इंजिनावर कापड टाकूही नये. चालकाची बाजू आणि राहायची बाजू यांच्यामध्ये जाड पडदा हवा, छतापासून जमिनीपर्यंत, आणि पुढच्या दोन्ही खिडक्या उघड्या. आम्ही आता मुक्कामाला चारच्या आतच पोचतो.

तिसरी गोष्ट जमीन. पेट्रोल पंपाचा डांबरी चौक सोयीचा वाटतो, संडास असतो, दिवा असतो. पण डांबर मध्यरात्रीपर्यंत खालून भाजत राहतं. मातीवर, आणि जमलंच तर केळीच्या बागेच्या कडेला, गाडी लावा. रावेर-यावलकडे ठिबकवर उभ्या असलेल्या केळीच्या बाजूनं वारा येत असेल तर फरक अंगाला कळतो, मोजायला बंदूक लागत नाही. मालकाला विचारून, घडांपासून लांब. गाडीचं तोंड कुठे करायचं? मोठी भिंत आणि मोठ्या खिडक्या पश्चिमेला नकोत.

आणि रात्रीचा नियम दिवसाच्या उलटा. सकाळी आठनंतर सगळं बंद, पडदे ओढलेले. सूर्य बुडाला की बाहेरचा आणि आतला पारा बघत राहा. ज्या घटकेला बाहेरचा खाली जाईल त्या घटकेला बाहेरची हवा आत घ्यायला लागा. छतावरचा १२ व्होल्टचा पंखा हवा बाहेर फेकणारा लावा आणि दिवसा सावलीत असलेल्या बाजूची एकच खालची खिडकी थोडी उघडी ठेवा. सगळ्या खिडक्या उघडल्या तर पंखा जवळच्या खिडकीतूनच हवा ओढून बाहेर टाकतो आणि झोपणाऱ्याला वारा लागतच नाही.

पत्रा लवकर उतरवायचा असेल तर बारदान. जिनिंगवाल्याकडून दोन-तीन जुनी बारदानं घ्या, ओली करा, सूर्यास्तानंतर छतावर पसरा. एक लिटर पाणी वाफ होताना युनिटच्या दोनतृतीयांशाएवढी उष्णता घेऊन जातं. नुसतं पाणी ओतलं तर बरंचसं ओघळून मातीत जातं, बारदानात ते टिकतं. १० लिटर पाण्यात आमचं छत तासाभरात उतरतं. सकाळी काढून घ्या, नाहीतर क्षारांचे डाग आणि गंज दोन्ही येतील. जुन्या ट्रकांना पुढे छागल, म्हणजे पाणी गार ठेवणारी कापडी पिशवी, लटकलेली असायची, तिचंच हे मोठं रूप.

"कूलर लावला तर अंग चिकट होतं"

हा माझा धंदा आहे, म्हणून इथे जरा लांबण लावतो.

एप्रिल आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात खान्देशात कूलरसारखं यंत्र नाही. हवा ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर २३-२४ पर्यंत उतरतो. चांगला पॅड असलेला कूलर २७-२८ अंशांची हवा देतो, आणि वीज खातो जेमतेम एका जुन्या बल्बाएवढी. पण तोच कूलर जूनमध्ये, हवा ३६ आणि आर्द्रता ६० टक्के असताना, ३०-३१ च्या खाली जाऊ शकत नाही, वर ओल भरतो ती वेगळीच. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, संपता संपता मृगाचे ढग दिसायला लागले की कूलरची सद्दी संपते. म्हणून दोन थर्मामीटर शेजारी टांगा, एकाला ओलं फडकं गुंडाळा आणि पंख्याखाली धरा. दोघांत दहा-बारा अंशांचा फरक असेल तर कूलर लावा. सात-आठच्या खाली असेल तर पाणी बंद करून नुसता पंखा लावा.

दुकानात येणाऱ्या दहातल्या आठ जणांची चूक मात्र हवामानाची नसते, खिडकीची असते. कूलर गाडीच्या आत ठेवतात आणि दारं-खिडक्या लावून घेतात. "गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून." अहो, ती जायलाच हवी. कूलर आतलीच हवा पुन्हा पुन्हा भिजवत राहिला तर अर्ध्या तासात आत धोबीघाट होतो. कूलरचं तोंड आत, पाठ बाहेरच्या कोरड्या हवेला, आणि समोरच्या टोकाची खिडकी निदान वीतभर उघडी.

आणि कूलर-एसी एकदम कधीच नाही. कूलर हवेत टाकतो ते प्रत्येक लिटर पाणी एसीला पुन्हा थेंब-थेंब करून बाहेर काढावं लागतं, जादा वीज जाळून. "दोन्ही लावले तरी गार होत नाही" असं नाही, दोन्ही लावले म्हणूनच गार होत नाही.

पॅडवर पांढरा खार चढला असेल तर वारा अडतो आणि मोटार तापते. मग ती माझ्याकडे येते. माझी ना नाही, पण १५ दिवसांनी पॅड झटकून धुतला आणि आठवड्याला टाकीचं पाणी बदललं तर मोटारही वाचते आणि डासही होत नाहीत.

"एसी रात्री एकला बंद पडतो"

पाऊण टनाचा एसी ७००-८०० वॅट ओढतो. २०० अँपिअर-तासांची १२ व्होल्टची साधी ट्यूब्युलर बॅटरी पूर्ण भरली तर २.४ युनिट, आणि तिची निम्मी वापरायची, नाहीतर ती लवकर मरते. इन्व्हर्टरचं जाणं धरलं तर सलग दीड तास. लिथियम असेल तर दुप्पट. छत, टाकी, इंजिन हे आधी सुधारलं असेल तर एसी मधून मधून थांबतो आणि हाच आकडा पहाटेपर्यंत पुरतो. सुधारलं नसेल तर आणखी एक बॅटरी घेऊन फक्त एकचे अडीच वाजतात.

१२ व्होल्टवर एवढा एसी चालवताना तारेतून ७० अँपिअर जातात. तार बारीक असेल तर व्होल्टेज पडून इन्व्हर्टर "लो बॅटरी" म्हणून बंद होतो, बॅटरी अर्धी भरलेली असताना. तारेला हात लावून बघा, गरम लागली तर बॅटरीवाल्याला शिव्या देऊ नका, तार बदला. आणि दोन्ही टोकांना पक्के लग्ज (तारेच्या टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या टोप्या) लावून घ्या.

याच्या उलट तक्रार : दुपारी लख्ख ऊन असूनही लिथियम बॅटरी चार्जच होत नाही. पॅनेल तपासतात, कंट्रोलर बदलतात. बहुतेक वेळा दोष एवढाच की बॅटरीची पेटी सायलेन्सरच्या वर किंवा पश्चिमेच्या पत्र्याला टेकून आहे. पेशी ४५ अंशांच्या पुढे गेल्या की बऱ्याच बॅटऱ्यांचं बीएमएस, म्हणजे बॅटरीची राखण करणारं आतलं सर्किट, चार्जिंग तोडतं. तोडलं म्हणून बॅटरी वाचली. पेटी आत, सावलीच्या बाजूला, चहूबाजूंनी दोन बोटं मोकळी ठेवून बसवा.

इंजिन चालू ठेवून रात्रभर एसी घ्यायचा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर तो सोडा. उभ्या गाडीचा धूर आत शिरतो, वास न येता माणूस जातो. जनरेटरचंही तेच. आणि पोरांना किंवा कुत्र्याला बंद गाडीत "पाचच मिनिटं" ठेवून जाऊ नका, एसी चालू असला तरी. तो केव्हा ट्रिप होईल ते तुम्हाला बाहेर कळत नाही.

फ्रीजला मागे चार बोटं जागा आणि हवा जायला जाळी द्या. तेवढंच त्याचं दुखणं. स्वयंपाक बाहेर करा. गॅसची एक शेगडी दीड-दोन किलोवॅट उष्णता टाकते आणि बट्ट्या भाजायला तर गोवऱ्याच बऱ्या.

एवढं करूनही

वर जाणं हा एक उपाय आहे. तोरणमाळ सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे, तापीकाठापेक्षा हवा पाच-सहा अंशांनी खाली. यशवंत तलावाजवळ मे महिन्यातही पहाटे चादर लागते. पण घाट सकाळी नऊच्या आत चढा, एसी बंद करून, इंजिनाच्या काट्यावर डोळा ठेवून. दुपारी दोनला भरलेली गाडी घेऊन घाटाला लागणारे वाटेत बॉनेट उघडून उभे दिसतात.

आणि नवतप्यातल्या दोन-चार रात्री अशा येतात की वारा पडतो, आभाळ दाटतं, बाहेरचा पारा रात्री अकरालाही ३४-३५ च्या खाली यायचं नाव घेत नाही. कूलर नको, एसीला बॅटरी पुरत नाही. त्या रात्रीसाठी मी गाडीच्या वरच्या कॅरिअरवर घडीची बाज, मच्छरदाणी आणि चार काठ्या बांधून ठेवल्यात. गाडीपासून दहा पावलं लांब टाकायची, कारण पत्रा बाहेरच्या बाजूलाही उष्णता फेकत असतो. बाजेखाली जमिनीवर तांब्याभर पाणी शिंपडायचं. विंचवाचे दिवस असतात, तेव्हा चपला उलट्या करून ठेवायच्या आणि सकाळी झटकून घालायच्या.